पार्किन्सन्सचं संशोधन ओपीडी उरकल्यावर होत नाही

वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेची मुळी काम करते, हे पाश्चात्त्य डॉक्टरांना पटवून दिलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. ते जगभर वापरात आलं आणि डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मोठ्या डोसवरचे काही पेशंट संथ व्हायचे, चेहऱ्यावरचे भाव जायचे, अंग ताठ आणि हात थरथरते. हुबेहूब कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे निपचित पडले. मग डोपाचं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं त्या पदार्थाचं, इंजेक्शन दिलं, तर ते उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन आटतं आणि डोपाने ते भरून येतं, हे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं. पार्किन्सन्सच्या आजच्या उपचारांचा पाया तो. २००० सालचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

लेव्होडोपाचंही, म्हणजे औषध म्हणून देतात त्या डोपाचंही, तसंच. खाजकुयलीच्या बियांत तो असतो, हे १९३७ मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो वेगळा काढून सिद्ध केलं होतं. म्हणजे दोन्ही वनस्पती इथल्या, एका कामातला डॉक्टर मुंबईचा, दुसऱ्यातले रसायनतज्ज्ञ मद्रासचे. तिथून पुढे रोगापर्यंतचा रस्ता मात्र स्वीडनमधलं लुंड, व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काढला गेला.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे आपल्याकडे पैसा नव्हता, यंत्रं नव्हती. ते काही अंशी खरं आहे. पण तिकडे ते काम नेमकं कसं झालं, हे पाहिलं की दुसरीच उणीव ठळक होते.

व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांच्याकडे फार भारी सामग्री नव्हती. पार्किन्सन्सने गेलेल्या सहा जणांचे मेंदू त्यांनी मिळवले, खोलवरच्या ठरावीक भागाचा अर्क काढला आणि आयोडिनची एक साधी रंगक्रिया केली. डोपामिन असेल तर गुलाबी रंग येतो. निरोगी मेंदूच्या नमुन्यात गुलाबी आला, पार्किन्सन्सच्या नमुन्यात जेमतेम छटा. फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. हा निबंध १९६० चा. पुढच्या वर्षी न्यूरॉलॉजिस्ट वाल्टर बिर्कमायर यांनी पेशंटांना शिरेतून लेव्होडोपा दिला. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती उठून चालली.

तरीही त्यानंतर सहा वर्षं वादात गेली. अनेकांनी छोटे डोस देऊन पाहिले, पेशंटला उलट्या झाल्या, गुण दिसेना, प्रयोग सोडून दिले. १९६७ मध्ये लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या रुग्णालयात जॉर्ज कोट्झियास यांनी पेशंट दीर्घकाळ दाखल करून घेतले. डोपाचा डोस अगदी थोडा थोडा करत ग्रॅमांपर्यंत चढवला, उलटी आली की थांबले, रक्त तपासलं, पुन्हा चढवला. मूळ पदार्थ तोच होता. जादा होत्या त्या खाटा, हाताशी असलेले महिने आणि दाराबाहेर ओपीडीची रांग नसलेला डॉक्टर.

आमचं म्हणणं याच जागेवर आहे. ज्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डीएम न्यूरॉलॉजीचा, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ घडवणारा, अभ्यासक्रम चालतो, तिथे किमान एक पद असं असावं की ज्याच्या नेमणूकपत्रातच आठवड्याचे दोन दिवस संशोधनाचे लिहिलेले असतील. त्या दोन दिवसांची ओपीडी कोणी बघायची, त्याचं नाव त्याच कागदावर असावं. सोबत एक प्रशिक्षित नर्स आणि नमुने ठेवायची सोय. पुरस्कार, एकरकमी अनुदान, अधूनमधून जाहीर होणारी योजना यांनी हे भागत नाही. मंजूर आस्थापनेवरचं पद हवं.

दोन दिवस कशाला लागतात, असा प्रश्न वैद्यकशास्त्राबाहेरच्या माणसाला पडेल. कधीकधी प्रशासनालाही पडतो.

पार्किन्सन्स मोजायला रक्ताची चाचणी नाही. मोजमाप म्हणजे तपासणारा डॉक्टर. त्यासाठी जगभर जी मोजपट्टी वापरतात ती एमडीएस-यूपीडीआरएस. तिच्या हालचालींच्या एका भागातच ३३ नोंदी आहेत आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण. बोटं आपटायची, मूठ उघडमीट करायची, पाय आपटायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, डॉक्टरने मागून खांदे ओढल्यावर तोल सावरतो का ते पाहायचं. बोटं आपटताना नुसता वेग मोजून चालत नाही. दहा वेळा आपटताना अंतर हळूहळू कमी होत जातं का, मध्ये अडखळतात का, हे बघायचं. पूर्ण मोजपट्टीला साधारण अर्धा तास लागतो. सरकारी ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला येणारी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजता येतात. तिथे ही तपासणी होत नाही, आणि झाली तर बाहेरच्या लोकांवर अन्याय होतो.

पुढची अडचण औषधाची. लेव्होडोपाचा अंमल दोन-चार तासांचा. सकाळी आठची गोळी घेऊन आलेला माणूस साडेनऊला वेगळा आणि साडेबाराला वेगळा. म्हणून खरा आजार मोजायचा तर रात्रीपासून निदान बारा तास औषध थांबवून सकाळी तपासायचं, मग गोळी देऊन तासाभराने पुन्हा तपासायचं. औषध थांबवलेला पेशंट एसटीने शंभर किलोमीटर येऊ शकत नाही. त्याला कूससुद्धा वळता येत नाही. म्हणजे आदल्या रात्री दाखल करणं आलं, खाट आली, सोबतच्या माणसाची झोपायची सोय आली. पहाटे कोणीतरी मायेने नेहमीची गोळी देऊ नये म्हणून नर्सला सांगून ठेवणं आलं. ती दिली गेली की त्या दिवसाचं मोजमाप वाया. सहा महिन्यांनी हेच सगळं त्याच वेळेला, शक्यतो त्याच डॉक्टरने करायचं, कारण दोन डॉक्टरांच्या गुणांत फरक पडतो. मधल्या काळात त्या डॉक्टरची बदली झाली तर पाच वर्षांचा पाठपुरावा तिथेच तुटतो. सरकारी महाविद्यालयांतल्या किती नोंदवह्या अशा दुसऱ्या वर्षावर थांबल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मग हे काम पीएचडी झालेल्या जीवशास्त्रज्ञांनी करावं, असा एक मतप्रवाह आहे. प्रयोगशाळेचं काम त्यांनीच करावं, ते ते उत्तम करतात. पण त्यांच्या परीक्षानळीत येणारं रक्त नक्की कोणाचं? लंडनच्या क्वीन स्क्वेअर ब्रेन बँकेचा १९९२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. हयातीत पार्किन्सन्सचं निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा ७६ जणांत तो निघाला. उरलेल्यांत पीएसपी, मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी असे दिसायला सारखे, पण मुळात वेगळे आजार होते. हा घोळ निवडणारी नजर वर्षानुवर्षं पेशंट बघून येते: पहिल्याच वर्षात वारंवार पडणं, डोळे खाली न वळणं, उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळणं, लेव्होडोपाला दाद न देणं. ती नजर संशोधनातून वगळली, तर महागड्या जनुकीय तपासणीत चुकीच्या पेशंटांचे नमुने मिसळतात आणि उत्तरही चुकीचं येतं.

ती नजर तयार व्हायला किती वर्षं लागतात? एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, एमडी तीन, डीएम तीन. एकही प्रयत्न वाया गेला नाही तरी साडेअकरा. प्रवेशपरीक्षांत एखाद-दोन वर्षं जातातच, वर बंधपत्राची सेवा. चालना-विकार, म्हणजे पार्किन्सन्स आणि त्याच्या भावंडांची फेलोशिप आणखी एक-दोन वर्षं, तीही बहुतेकदा परदेशात. मुंबईत न्यूरॉलॉजी शिकलेले कैलाश भाटिया आज क्वीन स्क्वेअरमधले या विषयातले जगन्मान्य नाव आहे. बुद्धी कुठली आणि जागा कुठे मिळाली, हे त्यात दिसतं. तिशी उलटलेला तरुण न्यूरॉलॉजिस्ट परत येतो तेव्हा त्याच्यापुढे दोनच चालते रस्ते असतात. कॉर्पोरेट रुग्णालयात पगार चांगला, पण महिन्याला किती पेशंट आणले हे विचारलं जातं. सरकारी महाविद्यालयात पेशंटांचा महासागर, पण संशोधन रात्री घरी बसून करायचं. तिसरा रस्ता, म्हणजे वेळ राखून देणारी फेलोशिप, संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्ससारख्या संस्थांनी दाखवून दिला आहे. ती काही वर्षांची असते. ती संपल्यावर त्या माणसाला कुठे बसवायचं, हे महाविद्यालयाकडे ठरलेलं नसतं.

त्यात बढतीची अट निबंधांची. संख्या हवी म्हटलं की संख्या येते: एका पेशंटची दुर्मीळ कहाणी, जुन्या केसपेपरांतून काढलेली टक्केवारी. एक्झेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाचं उदाहरण घ्या. लंडनच्या टॉम फॉल्टिनी यांच्या गटाला २०१७ च्या छोट्या चाचणीत आशा दिसली. त्यांनी मोठी चाचणी उभारली, १९४ पेशंट, ९६ आठवडे. २०२५ मध्ये निकाल आला की उपयोग झाला नाही. हे अपयश अत्यंत मोलाचं आहे, कारण आता हजारो लोक ते इंजेक्शन आशेने टोचून घेणार नाहीत. आपल्या बढतीच्या तक्त्यात या एवढ्या वर्षांच्या कामाची किंमत एखाद्या निबंधापुरती. अशा तक्त्याखाली कोणी शहाणा माणूस दीर्घ चाचणी हाती घेईल का?

‘देशात न्यूरॉलॉजिस्टच मूठभर, त्यांनी आधी पेशंट बघावेत’ हा सगळ्यात वजनदार आक्षेप. तो मनापासून घेतला जातो आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. उत्तर औषधाच्या दुकानात आहे.

ॲसिडिटी आणि गॅसवर आपल्याकडे पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनच्या जागा अडवतं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्याला परवानगीच नाही. इथे मात्र साठीतला माणूस महिनोन्‌महिने ती कॅप्सूल घेतो आणि हळूहळू ताठ होतो, पाय घासत चालतो, हात कापतो. न्यूरॉलॉजिस्टकडे आल्यावर ‘काय औषधं चालू आहेत?’ म्हटलं की तो बीपीची आणि शुगरची सांगतो. गॅसची गोळी त्याच्या लेखी औषधच नसते. मग पार्किन्सन्सचा शिक्का बसतो, लेव्होडोपा सुरू होतो, त्याने पोट बिघडतं आणि पोटासाठी पुन्हा तीच कॅप्सूल. चक्कर आणि अर्धशिशीवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनचंही तेच. औषध बंद केल्यावर बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. काही जणांत लक्षणं राहतात, कारण खरा आजार आत दबा धरून होता आणि औषधाने तो उघडा पाडला.

महाराष्ट्रात अशी किती माणसं आहेत? याचं उत्तर काढायला अब्जावधी नकोत. दहा सरकारी ओपीडींत प्रत्येक नव्या पेशंटला घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणायला सांगायचं. नर्सने एकेक स्ट्रिप वाचून नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहायची. संशयित औषध बंद करायचं, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला तीच तपासणी पुन्हा करायची, न आलेल्याला फोन करायचा. लागणारं भांडवल म्हणजे एक नर्स, एक फोन आणि डॉक्टरचे राखीव तास. या एका अभ्यासाने पुढे जेवढे पेशंट न्यूरॉलॉजिस्टच्या दारात येण्याआधीच वाचतील, तेवढे तो दोन दिवस जादा ओपीडी करूनही बघू शकणार नाही.

असाच दुसरा प्रश्न कार्बिडोपाचा. लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच रक्तात मोडू नये म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. मळमळ टाळायला तो दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम पोटात जावा लागतो. आपल्याकडे स्वस्त आणि प्रचलित ११०च्या गोळीत लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा फक्त १०. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे ३० मिलिग्रॅम. पेशंटला उलट्या होतात, तो ‘मला हे औषध मानवत नाही’ म्हणून सोडतो, आणि पुढची वर्षं खुर्चीत काढतो. १२५च्या गोळीत कार्बिडोपा २५ असतो, तीन गोळ्यांत ७५ होतो. कोट्झियास यांच्या काळातल्या उलट्यांवरचं उत्तर केव्हाच सापडलं आहे. ते जिल्हा रुग्णालयाच्या औषधयादीत कसं उतरवायचं, हा इथल्या संशोधकाचा प्रश्न आहे. लंडनचा कोणी तो सोडवायला येणार नाही.

खाजकुयलीबद्दलही तेच. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी तिच्या बियांच्या चूर्णावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज कपिकच्छूचं, म्हणजे खाजकुयलीचंच, चूर्ण घरोघरी ऑनलाइन येतं. बियांतलं लेव्होडोपाचं प्रमाण प्रत्येक खेपेला सारखं नसतं. पेशंट ते गोळ्यांच्या जोडीने घेतो, डॉक्टरला सांगत नाही, आणि अंग वेडंवाकडं हलू लागलं की दोष गोळीला जातो. चूर्णात औषध आहे यात शंका नाही. म्हणूनच ते मोजून द्यायला हवं, आणि मोजायला माणूस हवा.

परदेशातल्या संशोधनावर आपलं भागेल, हा समज जनुकांच्या बाबतीत तर सपशेल चुकतो. एलआरआरके२ या जनुकातला जी२०१९एस हा बदल अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकी पेशंटांत बराच सापडतो, भारतीयांत फारच विरळा. त्या जनुकाला लक्ष्य करणाऱ्या औषधांच्या चाचण्या तिकडे चालू आहेत. आपल्या पेशंटांत त्या जागी काय आहे, हे आपल्यालाच शोधावं लागेल. १९९८ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्समधून उदय मुठाणे, शंकर आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय मेंदूंत डोपामिनच्या काळसर पेशी मोजल्या. त्या ब्रिटनमधल्या मेंदूंपेक्षा बऱ्याच कमी भरल्या, आणि वयाबरोबर घटतानाही दिसल्या नाहीत. पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारणारा हा निष्कर्ष इथल्या मेंदूंशिवाय निघालाच नसता. १९८८ मध्ये छापून आलेलं मुंबईच्या पारशी वसाहतींतलं सर्वेक्षणही असंच. डॉ. नादिर भरूचा आणि सहकाऱ्यांनी दारोदार जाऊन १४,०१० माणसांत ४६ पेशंट नोंदवले. क्षमता होती आणि आहे.

मेंदूदानाचा मुद्दा महाराष्ट्राला खास लागू आहे. देहदानाची आणि नेत्रदानाची चळवळ इथे रुजलेली आहे, पण मेंदूदान म्हटलं की भले भले गोंधळतात. देहदान केलेलं शरीर रसायनं भरून टिकवतात, त्यातल्या मेंदूचा अशा रासायनिक अभ्यासाला उपयोग नसतो. संशोधनासाठी मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढावा लागतो. सर्वसाधारण पद्धतीत अर्धा भाग फॉर्मालिनमध्ये काही आठवडे मुरवतात, अर्ध्याचे काप करून उणे ८० अंशांवर गोठवतात. छेद केसांत, एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतात, चेहरा तसाच राहतो, अंत्यदर्शन आणि विधी नेहमीसारखे होतात. हे नातेवाइकांना आधीच शांतपणे सांगितलेलं असेल तर होकार मिळू शकतो. मृत्यूच्या रात्री अनोळखी माणसाने फोनवर विचारलं तर नकारच येणार, आणि तो योग्यच. सांगायचं कोणी? ज्या डॉक्टरने दहा वर्षं त्या माणसाचा डोस बसवला, त्याने. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे, मुंबईच्या पार्किन्सन्स सोसायटीसारखे गट हा संवाद घडवून आणू शकतात. तिथली कुटुंबं आजाराबद्दल अनेक डॉक्टरांपेक्षा मोकळेपणाने बोलतात. फ्रीजरला जनरेटरची जोड, तापमान चढलं तर वाजणारा अलार्म आणि सुट्टीच्या दिवशी तो ऐकणारा माणूस, हे तिन्ही नसेल तर मात्र संमती घेऊच नये. दोन दिवसांच्या भारनियमनात वितळलेल्या मेंदूचं त्या कुटुंबाला काय उत्तर देणार?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग या तिघांना मिळून हे करता येण्याजोगं आहे. सुरुवात सगळीकडे करू नये. तीन महाविद्यालयं निवडावीत, तिथे हे पद दहा वर्षांसाठी बदलीमुक्त ठेवावं, आणि मूल्यमापन पाचव्या वर्षी व्हावं. त्यात निबंधांची संख्या विचारू नये. नोंदवलेल्या पेशंटांपैकी किती जण अजून पाठपुराव्यात आहेत, किती जणांची तपासणी औषध थांबवून झाली, किती नमुन्यांना पूर्ण वैद्यकीय माहिती जोडलेली आहे आणि सुरू केलेला प्रश्न उत्तरापर्यंत, मग ते ‘नाही’ असलं तरी, पोचला का, एवढं विचारावं. खासगी प्रॅक्टिसच्या तुलनेत पगार कमीच राहील, हे मान्य. पण या वाटेने येऊ इच्छिणारे तरुण पैशाआधी विचारतात ते हेच, की मंगळवारी आणि गुरुवारी माझी ओपीडी कोण बघणार. त्या प्रश्नाचं लेखी उत्तर सध्या राज्यातल्या कोणत्याच विभागप्रमुखाच्या हातात नसतं, कारण ते द्यायचा अधिकार मंत्रालयात आहे.